डाव्या हाताचा गडवा

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्या सासरी अजूनही खाली, पाटावर पंगत बसते. यंदा सवाष्णी उठल्या, पुरुषांची पंगत झाली आणि शेवटी घरच्या आम्ही चार-पाच जणी पानांवर बसलो, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. जाऊबाई पुरणपोळीवर तूप वाढत होत्या. त्यांना पुरे म्हणण्यासाठी मी डावा हात पुढे केला आणि पानाच्या डाव्या बाजूला ठेवलेला पितळी गडवा आडवा झाला. पाणी शेजारच्या पानाखाली गेले, पोळीची कड भिजली, आंबिलीची वाटी कोणीतरी चटकन उचलून घेतली. पंगतीत अशा गोष्टी होतात आणि कोणी त्यांचे काही मानत नाही. माझ्या लेकीनेही मानले नाही. ती फडके घेऊन आली आणि पाणी पुसता पुसता सहज म्हणाली, “आई, एवढा मोठा गडवा दिसला नाही का गं तुला?”

हे वाक्य मी ओळखले. चाळीस वर्षांपूर्वी मी ते बाबांना म्हटले होते.

बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे, होते. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीच्या दिवसांत हँडबिले, असे त्या छापखान्याचे काम असे. लग्नसराईत बाबा रात्री अकरा-अकरा वाजता घरी येत आणि रॉकेलने हात धुऊनही त्यांच्या बोटांच्या पेरांत शाई राहिलेली असे. शाळा सुटल्यावर डबा घेऊन मी छापखान्यात जात असे, त्यामुळे त्यांचे काम मी खूप जवळून पाहिले आहे. लाकडी केसमधल्या प्रत्येक घरात एकेक अक्षर असे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. डाव्या हातातल्या स्टिकमध्ये ओळ वाढत जाई आणि उजव्या हाताची दोन बोटे त्या घरांतून न चुकता खिळे उचलून आणत. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, पण बाबा ते सुलट्याइतक्याच वेगाने वाचत. कधी एखादा आठ पॉइंटचा खिळा चुकीच्या घरात गेला, तर तो उजेडाकडे धरून ते म्हणत, “हा ध आहे, घ नाही. वरची गाठ पाहा.” मला तेराव्या वर्षी, चांगल्या डोळ्यांनी, ती गाठ दिसत नसे.

आणि त्याच संध्याकाळी घरी आल्यावर त्यांचा खांदा ओसरीच्या खांबावर आदळे. उंबरठ्याला अंगठा लागे. जेवताना गडवा आडवा होई, कधी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. आई म्हणे, “अजी, पाहून करत जा ना जरा. लक्ष कुठं राहते तुमचं?” आम्ही भावंडे आधी हसत असू आणि मग चिडू लागलो, कारण ओल्या पानावरून उठावे लागे आणि पाणी सतरंजीत मुरे. आमच्या घरात या गोष्टीचा एकच अर्थ लावला गेला होता आणि तो म्हणजे बेफिकिरी. जो माणूस घ आणि ध यांतला फरक दिव्याखाली सांगतो, त्याला खांब दिसत नाही यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? त्या दिवशी मी ते वाक्य बोलले, तेव्हा बाबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी गडवा सरळ केला आणि पाणी कुठवर गेले आहे हे तळहाताने चाचपून पाहिले. त्यांचा हात माझ्या पानापर्यंत आला आणि थांबला. पाणी हाताने का शोधत आहेत, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. डोळ्यांसमोर होते, तरी पडला नाही.

काचबिंदू कडेकडून खात येतो. डोळ्याच्या आत पाणी सतत तयार होत असते आणि एका बारीक कोपऱ्यातून ते बाहेर जात असते. अश्रूंचे पाणी वेगळे, हे आतले. बाबांना पुढे ज्या डॉक्टरांनी पाहिले, त्यांनी आईला हे तिच्या भाषेत सांगितले होते, “नळ चालू आहे बाई, पण मोरी तुंबली आहे.” पाणी साठते, डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस त्या दाबाखाली मरू लागते. त्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. ते थोडे थोडे करून जातात, दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि गेलेला तंतू परत येत नाही. मधली, वाचण्याची नजर बहुतेकदा सगळ्यांत शेवटी जाते. म्हणून माणूस डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवू शकतो आणि तेवढ्यातच दाराच्या चौकटीवर आदळू शकतो. काचबिंदूचे अचानक, भयंकर दुखून येणारे रूपही असते आणि त्यात डोकेदुखी, उलट्या होतात. बाबांच्या वाट्याला ते आले नाही. ते आले असते तर निदान कोणी त्यांना दवाखान्यात तरी नेले असते.

बाबांच्या आधी आजीला हेच झाले असावे, असे मला आज वाटते. ती काटोलकडच्या गावी राहत असे आणि तिच्याबद्दल घरात एकच वाक्य होते, “मोतीबिंदू आहे, पिकला की काढू.” मोतीबिंदू पिकतो ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की होती की, पिकण्याची वाट पाहण्यात कित्येक म्हाताऱ्या माणसांची वर्षे गेली. मोतीबिंदूने दिसेनासे झाले तर शस्त्रक्रियेने बहुधा परत दिसते. काचबिंदूचे तसे नाही. दोन्हींच्या नावात बिंदू आहे आणि दोन्ही म्हातारपणी येतात, एवढ्यावरून लोकांनी त्यांना भाऊ-भाऊ मानले. आजीच्या डोळ्यांचे पिकणे काही झाले नाही. तिला पूर्ण दिसेनासे झाल्यावर कोणीतरी तिला शिबिरात नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात जोडले, असे आई सांगत असे. बाबांनी स्वतःच्या डोळ्यांबद्दलही तेच धरून ठेवले होते. चष्म्याच्या दुकानात त्यांना दोनदा नंबर बदलून मिळाला. त्या दुकानात डोळ्याचा दाब मोजण्याचे साधनच नव्हते आणि त्यामुळे दाबाचा विषयही निघाला नाही.

१९८५ साली बाबांना डॉक्टरांनी नीट पाहिले, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते आणि डाव्या डोळ्याची बरीचशी नस गेलेली होती.

मग आमच्या घरात पायलोकार्पिन आले. दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपाच्या पानांतून मिळणारे हे औषध १९व्या शतकापासून काचबिंदूवर वापरले जात होते. आमच्यासाठी ती एक छोटी बाटली होती, जी दिवसातून चार वेळा पाण्याच्या माठाशेजारून उचलायची आणि परत तिथेच ठेवायची. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री झोपताना. थेंब टाकण्याचे काम माझ्याकडे होते. बाबा खाटेवर मान मागे टाकत, मी अंगठ्याने खालची पापणी ओढत असे, थेंब पडला की ते डोळे मिटून घेत आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरत. थोड्या वेळाने डोळे उघडत, तेव्हा बाहुली मोहरीएवढी झालेली असे. भुवईच्या वर ठणके. बाहुली लहान झाली की उजेडही आत कमी जातो, म्हणून संध्याकाळी त्यांना आधीपेक्षा कमी दिसे आणि छापखान्यात ते दिव्याच्या अगदी खाली उभे राहू लागले. औषधाने दिसणे सुधारत नाही, उरलेले राखले जाते, हे आम्हाला कोणी सांगितले असले तरी आमच्या कानांत शिरले नव्हते. आईला वाटे, एवढे थेंब टाकतो तर दिसायला पाहिजे. दिसत नाही म्हटल्यावर तिने तिचे उपाय सुरू केले. उन्हाळ्याच्या रात्री, अंगणात पाणी शिंपडून झाल्यावर, ती बाबांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासत बसे. डोळ्यांतली उष्णता पायांतून उतरते, अशी तिची श्रद्धा होती. तळपाय काळे होत, वाटीची कडही काळी होई आणि ती वाटी उजेडात धरून म्हणे, “पाहा जी, किती उष्णता निघाली.” त्या घासण्याने डोळ्याचा दाब एका अंकानेही उतरला नसेल. बाबा मात्र शांत झोपत आणि मे महिन्यातल्या नागपुरात ती काही लहान गोष्ट नव्हती.

त्याच उन्हाळ्यांपैकी १९८९च्या उन्हाळ्यातली एक रात्र आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. तोवर बाबांनी घर पावलांत मोजून ठेवले होते. खाटेपासून माठापर्यंत नऊ, माठापासून मोरीपर्यंत सहा, माडीच्या पायऱ्या अकरा. ते मोजत चालतात हे मला माहीत होते, कारण जवळून जाताना त्यांचे ओठ हलताना दिसत. दादाला ते माहीत नव्हते. दादा तेव्हा बावीस वर्षांचा होता, त्या रात्री उशिरा घरी आला आणि वारा यावा म्हणून त्याने आपली खाट ओढून मधल्या वाटेत घेतली. पहाटे बाबा पाण्यासाठी उठले, चौथ्या पावलाला खाटेच्या माचव्यावर अडखळले आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडले. दादा झोपेतून दचकून उठला आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे येऊ नये ते त्याच्या तोंडून आले, “दिसत नाही तर उठता कशाला?” प्लास्टर निघाल्यावर त्या दोन बोटांत खिळा धरण्याची ताकद राहिली नाही. बाबा पुन्हा छापखान्यात गेले नाहीत. पुढे काही वर्षांत तो छापखानाही ऑफसेटवर गेला आणि खिळे किलोच्या भावाने विकले गेले. ते काम तसेही संपणारच होते, असे आम्ही पुष्कळदा एकमेकांना समजावले आहे. दादाला ते समजावणे कधी पुरले नाही.

पंगतीतला गडवा सांडल्यानंतर मी आठ-दहा दिवस काही केले नाही. म्हणजे बाहेरून काही केले नाही. आतून मी स्वतःवर पाळत ठेवून होते. सीताबर्डीच्या मेन रोडवर चालताना डाव्या बाजूने येणारा माणूस मला किती अंतरावर दिसतो, जिन्याची शेवटची पायरी पाय टेकण्याआधी दिसते की नंतर, भाजी चिरताना विळीच्या डाव्या बाजूचा कांदा मी बघून घेते की चाचपून. असे पाहू लागले की प्रत्येक गोष्ट खूण वाटते. पदर दाराच्या कडीत अडकला, मोबाइल टेबलाच्या काठावरून पडला, मेट्रोतून उतरताना एका मुलाच्या दप्तराला धक्का लागला. या गोष्टी तिसाव्या वर्षीही होत असत, पण तेव्हा त्या नुसत्या होत होत्या. आता मी त्रेपन्न वर्षांची आहे आणि माझ्या हालचालींत मला बाबा दिसू लागले होते. आरशात पाहिले की कपाळ त्यांचे आहे हे मला लहानपणापासून माहीत होते आणि त्याचा मला अभिमानही होता. वारसा म्हणून मी फक्त कपाळ, हस्ताक्षर आणि चालण्यातली घाई एवढेच मोजत आले होते.

खरे तर चाळिशीनंतर दर वर्षा-दोन वर्षांनी डोळ्यांचा दाब आणि नस तपासायला हवी होती. ज्याच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्याला तो होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, हे मला बाबांच्या डॉक्टरांनी एकदा सांगितले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. मी मान हलवली आणि बाबांचा हात धरून त्यांना जिना उतरवू लागले. त्यानंतर तीस वर्षे मी दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढला आणि तेवढ्यालाच डोळ्यांची तपासणी म्हणत राहिले.

धंतोलीतल्या दवाखान्यात मी एकटीच गेले. आधी हवेची फुंकर मारणाऱ्या यंत्राने दाब मोजला. मग डोळा बधिर करून, पिवळा रंग घालून, निळ्या उजेडाचे एक छोटे शंकूसारखे टोक डोळ्याला टेकवून तो पुन्हा मोजला. उजवीकडे २१, डावीकडे २४. साधारण १० ते २१ पर्यंतचा दाब ठीक मानतात, पण डॉक्टर म्हणाले की एकट्या आकड्यावर जाऊ नका. डोळ्याचा समोरचा पडदा पातळ असला तर यंत्र दाब कमी दाखवते, जाड असला तर जास्त दाखवते, आणि काहींची नस तर दाब नेहमीचा असतानाही झिजते. मग त्यांनी बाहुली मोठी करून नस पाहिली, आणि नसेच्या तोंडाशी जी वाटीसारखी खोलगट जागा असते ती डावीकडे जरा मोठी आहे असे सांगितले. वाटी हाच शब्द त्यांनी वापरला. मला काशाची वाटी आठवली आणि पुढची दोन वाक्ये मी ऐकलीच नाहीत. ती त्यांना पुन्हा सांगावी लागली.

नजरेच्या घेराची तपासणी मात्र मी कधी विसरणार नाही. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसवतात. एक डोळा झाकलेला, दुसऱ्याने समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहत राहायचे, आणि कुठेही उजेडाचा बारीक कण चमकला की हातातले बटण दाबायचे. पाच-सात मिनिटांचेच काम, पण त्या मिनिटांत माणूस स्वतःशी जितका खोटे बोलायला तयार होतो तितका एरवी क्वचितच होत असेल. दिसला की नाही याची खात्री नसताना मी दाबले. मग खोटे दाबले म्हणून पुढचा खरा सोडला. बराच वेळ काहीच चमकले नाही, तेव्हा माझ्या पाठीला घाम आला. चमकत असेल आणि मलाच दिसत नसेल, तर? तपासणी घेणाऱ्या मुलीने माझा श्वास ऐकला असावा. ती म्हणाली, “काकू, सगळे दिसायलाच पाहिजेत असं नाही जी. मशीन मुद्दाम मंद मंद करत नेते. सगळे कोणालेच दिसत नाही.” त्या वाक्यासाठी मी तिचे हात धरायला हवे होते. पण एका हातात बटण होते.

निकालाच्या कागदावर डाव्या डोळ्याच्या घेरात नाकाच्या बाजूला, वरच्या अंगाला, तीन-चार चौकोन गडद आले. डॉक्टरांनी ते पेन्सिलीने गोल केले आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. पहिल्या वेळी पुष्कळांची ही तपासणी चुकते, म्हणून दीड महिन्याने पुन्हा करायची आणि मग थेंब सुरू करायचे की नाही हे ठरवायचे. फाइलवर त्यांनी लिहिले, काचबिंदूचा संशय. मी त्यांना गडव्याचे सांगितले. त्यांनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “त्या गडव्याचा याच्याशी संबंध नाही. तुमचा हा डाग डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूला आहे, म्हणजे तुमच्या उजव्या अंगाला. तो भाग उजवा डोळा भरून काढतो. दोन्ही डोळे उघडे असताना तुम्हाला हे कधीच जाणवलं नसतं.”

म्हणजे ज्या खुणेने मी घाबरून इथवर आले, ती खूण नव्हतीच. गडवा नुसता सांडला होता. आणि जी खरी खूण असू शकते, ती मला जन्मात दिसली नसती.

घरी आल्यावर मी एक प्रयोग केला. प्रत्येक चांगल्या डोळ्यातही, जिथून नस बाहेर पडते तिथे, एक आंधळी जागा असते. ती १७व्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिली. मी काळ्या ओट्यावर ज्वारीचे दोन दाणे वीतभराच्या आतल्या अंतरावर ठेवले, डावा डोळा झाकला, उजव्या डोळ्याने डाव्या दाण्याकडे टक लावून पाहिले आणि हळूहळू डोके खाली आणत गेले. एका उंचीवर उजवा दाणा नाहीसा झाला. त्या जागी भोक पडले नाही, अंधार आला नाही. तिथे ओटा होता, काळा, गुळगुळीत, सलग. मेंदूने दाणा उचलून घेतला होता आणि त्या जागी आजूबाजूचा ओटा पसरून दिला होता. मी तो दाणा पाच-सहा वेळा घालवला आणि परत आणला. बाबांच्या पानाच्या डाव्या हाताला गडव्याच्या जागी काय असेल, हे मला त्या संध्याकाळी कळले. तिथे सतरंजी होती. सलग, कोरडी, रिकामी सतरंजी. दिसत नाही असे त्यांना वाटतच नव्हते, त्यांना दिसत होते की तिथे काही नाही. आणि मग अचानक हाताला धातू लागे, पाणी वाहू लागे, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत असू. आपल्याच डोळ्यांनी आपल्याला अशी खोटी जमीन दाखवावी आणि घरच्यांनी वर लक्ष नाही म्हणून बोलावे. हे त्यांनी किती वर्षे सोसले याचा हिशेब मी ओट्याशी उभी राहून करत होते आणि गॅसवरचे दूध उतू गेले.

लेकीला मी फोनवर सगळे सांगितले. तिने लगेच विचारले की रक्ताची तपासणी करून होणार की नाही हे आधीच कळत नाही का. बहुतेकांच्या बाबतीत तसे कळत नाही. १९९७ साली या आजाराशी जोडलेले एक जनुक सापडले, मायोसिलिन त्याचे नाव, पण मोठ्या वयात येणाऱ्या काचबिंदूंपैकी फारच थोडे त्याच्यामुळे येतात. बाकीच्यांत अनेक जनुकांची आणि वयाची मिळून काहीतरी गुंतागुंत असते. त्यामुळे दर वर्षी जाऊन डोळे दाखवणे हाच मार्ग आहे. ती सत्तावीस वर्षांची आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मी त्या दिवशी तुला उगीच बोलले ना?” मी म्हटले, तू बोलली नसतीस तर मी गेले नसते. हे खरेच आहे, पण ते सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही. बाबांना असे विचारण्याची वेळ मी कधी आणली नाही. ते २००९ साली गेले. शेवटची चार-पाच वर्षे त्यांना फक्त उजव्या बाजूचा उजेड कळत होता, आणि मी माहेरी गेले की ते उजेडाकडे तोंड करून विचारत, “कोणती साडी नेसली आहेस?” मी रंग सांगे. ते मान हलवत.

सगळ्यांत अवघड दादा होता. दादा अठ्ठावन्न वर्षांचा आहे, सक्करदऱ्याला राहतो, डोळ्यांना फक्त वाचायचा चष्मा आहे आणि त्याचा त्याला फार भरवसा आहे. मी फाइल घेऊन गेले. त्याने ती उघडलीच नाही. “मले काही झालं नाही. गाडी चालवतो, पेपर वाचतो. तू उगीच घाबरून राहिली,” म्हणाला. मी म्हटले, बाबाही वाचत होते. त्यावर तो उठून आत गेला. वहिनीने मला स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला आणि हळूच सांगितले की ते रात्री झोपायच्या आधी मधल्या वाटेतली प्रत्येक खुर्ची भिंतीला लावतात, लग्न झाल्यापासून लावतात, एक दिवसही चुकलेले नाही. मला हे माहीत नव्हते. मी समजत होते की दादा आजाराला भितो. त्याच्याजवळ त्याहून जुने काहीतरी होते आणि माझ्या फाइलने मी नेमका त्यालाच हात लावला होता.

आमच्या लहानपणी बाबा आम्हा दोघांना मारबत, म्हणजे रोगराई घालवण्यासाठी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला नेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालातले रस्ते माणसांनी भरलेले, काळी मारबत, पिवळी मारबत, बडग्यांचे पुतळे आणि लोकांच्या घशातून एकसारखी निघणारी ती आरोळी, इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. दादा त्यांचे बोट धरून आणि मी खांद्यावर. थेंब सुरू झाले त्या वर्षी ते आले नाहीत, गर्दीत त्रास होतो म्हणाले, आणि आम्हाला वाटले आता आम्ही मोठे झालो म्हणून ते येत नाहीत. यंदा गडवा सांडण्याच्या आठवडाभर आधीच मी मारबत पाहून आले होते आणि सगळ्यांबरोबर ओरडलेही होते. तेव्हा मनात कोणाचाच रोग नव्हता.

दादाचा फोन तीन आठवड्यांनी आला. त्याने डोळ्यांचा विषय काढला नाही. माझी दुसरी तपासणी कधी आहे ते विचारले आणि म्हणाला, “एकटी नको जाऊ. मी येतो.” दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता, तेव्हा तो उठून खिडकीपाशी गेला आणि स्वतःचे नाव लिहून आला. माझ्या कागदावरचे ते चौकोन त्याच जागी पुन्हा गडद आले होते. डॉक्टरांनी या वेळी प्रश्नचिन्ह काढले नाही, रात्री झोपताना घालायचे थेंब लिहून दिले. दिवसातून एकदाच. दादाच्या डोळ्यांचा दाब घेतला, बाहुल्या मोठ्या करून नस पाहिली आणि त्यालाही घेराच्या तपासणीसाठी पुढच्या आठवड्यात बोलावले. काही सापडले का, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

बाहेर दुपारचे ऊन होते. बाहुल्या मोठ्या झालेल्या असताना नागपूरचे ऊन सुरीसारखे लागते आणि जवळचे तर काहीच नीट दिसत नाही. जिन्याच्या तोंडाशी दादा थांबला. कठड्यावर हात ठेवून त्याने खाली पाहिले, डोळे चोळले आणि मग दुसऱ्या हाताची दोन बोटे माझ्या खांद्यावर, मानेजवळच्या हाडावर टेकवली. बाबा तिथेच टेकवायचे.

“किती पायऱ्या आहेत गं?” त्याने विचारले.

“बावीस,” मी म्हटले आणि मोजत उतरू लागले.